रान राखल्याची राखण

प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव, गाव आणि रकमा त्यांच्याच विनंतीवरून वगळून गोषवारा देते.

वय ५१. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. गावच्या घरात त्या आणि ८२ वर्षांच्या सासूबाई, दोघीच. भाताची थोडी खाचरं, काजूची लहानशी बाग आणि घरामागच्या डोंगरउतारावर साडेसात एकर जुनं रान. ऐन, किंजळ, जांभूळ आहेत. दोघांच्या कवेत मावणार नाहीत असे बेहडे आहेत आणि मधून वाहणारा पऱ्या आहे. सातबारा सामाईक, दोघे दीर मुंबईला. एक लाकूडव्यापारी सगळं रान एकरकमी मागतो आहे. त्याच सुमाराला निसर्गाचं काम करणारी एक संस्था सांगून गेली की दहा वर्षं कुऱ्हाड लावू नका, आम्ही दर वर्षी एकराप्रमाणे पैसे देऊ. व्यापाऱ्याचा आकडा संस्थेच्या वार्षिक रकमेच्या बारा पट आहे. दीर म्हणतात, देऊन टाका. सासूबाई म्हणतात, रान तोडायचं नाही आणि राखल्याचे पैसेही घ्यायचे नाहीत, "पोराला सांभाळल्याचं भाडं घेतं काय कोण?"

ताई विचारतात, "मी तर रान तोडणारच नव्हते, मग पैसे घेणं ही फसवणूक नाही का? पैसे घेतले की रानाबद्दलची माया बाजारात गेली असं होईल का? आणि एकदा कागद झाला की उद्या सरकार 'हे जंगल' म्हणून ताबा सांगेल का?"

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबले. "दर वर्षी चार गडी लावून जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेला पट्टा) काढून घेते, तेवढाच काय तो रानाचा खर्च." तेवढाच?

त्याच पत्रात पुढे तुम्ही लिहिलं आहे की केलडी (माकडं) अर्धा काजू संपवतात, डुकरं भातात शिरतात आणि शेजाऱ्याने रान साफ करून काजू लावला तेव्हा तुम्ही लावला नाहीत. वणवा दिसला म्हणून भर दुपारी ओल्या फांद्या घेऊन धावला होतात, हेही लिहिलं आहे. दिवाळीला दीर आले की रानावरून घरात जे होतं, तेही एका ओळीत आहे. हे सगळं तुम्ही 'खर्च' या शब्दात धरलेलंच नाही. तुमच्या मनात रान आपोआप उभं आहे, आणि आपोआप उभं असलेल्या गोष्टीचे पैसे घ्यायला लाज वाटते. मला तर ते रान तुम्ही उभं ठेवलेलं दिसतं. मे महिन्यात वाडीच्या विहिरीला पाणी राहतं ते सगळ्या वाडीचं. रानातल्या मधमाश्या मोहोरावर जातात तो मोहोर शेजाऱ्याच्याही काजूचा. लाभ वाटला जातो पंचवीस घरांत आणि झळ बसते एका घराला. जगात जिथे जिथे शेतकऱ्यांना आणि कुरणवाल्यांना निसर्ग राखण्याचा मोबदला देण्याची पद्धत आली, ती बरीचशी याच अडचणीतून आली.

सासूबाईंचा प्रश्न मला बाजूला सारायचा नाही, कारण तो तुमच्या तिन्ही प्रश्नांपेक्षा खोल आहे. पण त्यांना एक विचारून बघा. गावाच्या राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, आपण वर्षाची राखण देतो ती का? नारळ दिला म्हणून राखणदार आपला नोकर होतो का, आणि तो राखतो ते नारळासाठी राखतो असं कुणी म्हणतं का? राखणारा राखतो आणि ज्यांचं राखलं जातं ते त्याची आठवण ठेवतात, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत रात्र काढणाऱ्या राखण्याला आपण पैसे देतो, आणि त्यामुळे आंब्यावरची कुणाची माया उणी होत नाही. संस्थेची रक्कम मी याच खात्यात धरीन. तिला रानाची किंमत समजायचं कारण नाही. बेहड्याच्या ढोलीत माडगरुडाची (धनेश पक्ष्याची) मादी स्वतःला चिणून घेऊन कित्येक आठवडे बसते, त्या ढोलीची किंमत कुणाला देता येणार आहे? देता येते ती राखणाऱ्याच्या श्रमाची आणि त्याने सोडलेल्या उत्पन्नाची भरपाई.

एवढं म्हटल्यावर सासूबाईंच्या बोलण्यातली खरी भीती उरतेच, आणि ती खोटी नाही. आज तुम्ही रान राखता कारण ते तुमचं आहे, यजमानांचं होतं, सासऱ्यांचं होतं. उद्या तुम्ही किंवा तुमच्या मागून येणारे 'पैसे मिळतात म्हणून' राखू लागले, तर पैसे थांबले त्या दिवशी राखण्याचं कारणही थांबेल. युगांडात याचा फार काळजीपूर्वक केलेला अभ्यास आहे. तिथल्या १२१ गावांपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या ६० गावांत खाजगी रानाच्या मालकांना दोन वर्षं, झाड न तोडल्याबद्दल हेक्टरी ७० हजार शिलिंग दर वर्षी देऊ केले. २०१७ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जिथे पैसे नव्हते त्या गावांत झाडोरा सुमारे ९ टक्क्यांनी घटला आणि जिथे होते तिथे सुमारे ४ टक्क्यांनी. म्हणजे मोबदल्याने खरोखर झाडं वाचली. पण योजना संपल्यावर तोड पुन्हा सुरू झाली. पैशाने वेळ मिळाला, मन बदललं असं नाही. तुमच्या बाबतीत मन आधीच आहे, उणीव आहे ती वेळेची आणि बळाची. म्हणून तुमच्यासारख्याच्या हाती ही रक्कम जास्त सुरक्षित आहे, असं मला वाटतं.

आता 'मी तोडणारच नव्हते.' तुमचा हा प्रश्न फार प्रामाणिक आहे, आणि अशा योजना आखणाऱ्या जगभरच्या जाणत्यांना तो छळतो. जो तोडणारच नव्हता त्याला पैसे दिले तर त्या पैशाने नवं काय वाचलं? हिशेबाने ते बरोबर आहे. पण त्या हिशेबाचं दुसरं टोक बघा. कुऱ्हाड उगारणाऱ्याला मोबदला आणि निमूट राखणाऱ्याला काही नाही, असा नियम झाला तर गावात लोक काय शिकतील? पुढच्या वर्षी प्रत्येक जण एक कुऱ्हाड घेऊन उभा राहील. शेजाऱ्याने रान काढलं, आता तो 'झाडं लावायला अनुदान' मागेल, आणि ज्या बाईने काढलंच नाही तिला कुठल्या रकान्यात बसवायचं हेच कुणाला कळणार नाही. हे मला अन्यायाचं वाटतं.

शिवाय, खरंच तोडणार नव्हता का? तुम्ही नव्हता, हे मान्य. पण सातबाऱ्यावर तुम्ही एकट्या नाही. सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. दिरांचा कल स्पष्ट आहे, आणि तुमच्या मुलाला काय वाटतं याबद्दल तुम्ही पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाही. त्या रानाच्या डोक्यावर कुऱ्हाड आहेच, फक्त ती तुमच्या हातात नाही. संस्थेला हे जसंच्या तसं सांगा. 'मी स्वतः तोडणार नाही, पण घरात असा दबाव आहे.' हे ऐकूनही संस्था पैसे देत असेल, तर फसवणूक कुठे राहिली?

तिसरा प्रश्न, सरकारचा. ही भीती कोकणात हवेतून आलेली नाही. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने कितीतरी जमिनी सरकारजमा झाल्या. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तर मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल त्याला वनकायदा लागू, अशी स्थिती आली. सिंधुदुर्गात 'वनसंज्ञा' (जमिनीवर वन म्हणून पडलेला शेरा) हा शब्द नुसता काढला तरी लोक गप्प होतात. परिणाम काय झाला? शेरा पडायच्या आत रान साफ केलेलं बरं, असं शहाणपण गावोगाव पसरलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वनखात्याकडची जमीन थोडी आहे, बहुतेक रान तुमच्या-आमच्यासारख्यांच्या सातबाऱ्यावर आहे. तिथे नुसत्या बंदीने झाड हे मालकाच्या गळ्यातलं लोढणं होतं. कोस्टारिका या छोट्या देशाने १९९६ च्या वनकायद्यात रान मोडायला बंदी घातली, पण त्याच कायद्यात रान राखणाऱ्याला मोबदला देण्याची सोयही केली आणि त्यासाठी इंधनावरच्या करातला वाटा बाजूला काढला. आज त्या देशाच्या निम्म्याहून अधिक भूमीवर झाडोरा आहे. त्यामागे इतरही कारणं आहेत, पण बंदी आणि मोबदला एका कायद्यात आले ही गोष्ट लहान नाही. आपल्याकडेही माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात राखणाऱ्यांना मोबदला द्यावा असं सुचवलं होतं. चर्चा मात्र सगळी बंदीची झाली.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, संस्थेशी खाजगी करार केल्याने जमिनीची मालकी बदलत नाही. कायदा बघतो तो महसुली नोंदीकडे आणि जमिनीवर प्रत्यक्ष काय उभं आहे त्याकडे. म्हणून करारावर सही करण्याआधी, आणि व्यापाऱ्याला उत्तर देण्याआधीही, त्या गटांचे सातबारा आणि जुने फेरफार काढा. 'इतर अधिकार' या रकान्यात वन म्हणून काही शेरा आहे का ते पाहा. असेल तर आधी वकील गाठा. आणि एक ध्यानात घ्या, तसा शेरा असेल तर व्यापाऱ्याचा व्यवहारही तो सांगतो तितका सोपा नाही. नसला तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, आंबा, फणस आहेत. ही झाडं स्वतःच्या जमिनीतलीही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. "परवान्याचं मी बघतो" असं व्यापारी म्हणाला असेल. अर्जावर सही तुमची असणार आहे, त्याची नाही.

बारा पट आकड्याचं काय? दीर म्हणतात की दहा वर्षांचे पैसे घेऊनही व्यापाऱ्यापेक्षा कमीच. बेरीज बरोबर आहे, पण ती अर्धीच केली आहे. दहा वर्षांनी संस्थेच्या करारात पैसे आले असतील आणि रान उभं असेल, दहा पावसाळ्यांनी आणखी वाढलेलं. तेव्हा जो निर्णय घ्यायचा तो घ्यायला तुम्ही मोकळ्या. व्यापाऱ्याच्या करारात पैसे आले असतील आणि खुंट असतील. ऐन-किंजळ खुंटावरून फुटतील, बारा-पंधरा वर्षांत पुन्हा गाडी भरण्याजोगे होतीलही. तो जुना बेहडा मात्र तुमच्या नातवालाही दिसायचा नाही. पऱ्या किती वर्षं टिकेल तेही कुणी लिहून देणार नाही. दिरांना हे सांगताना निसर्गाची महती सांगू नका, त्यांना ती माहीत आहे, तेही त्याच रानात आवळे-करवंदं खाऊन मोठे झाले. त्यांना हिश्शाचं सांगा. माझं मत असं की वर्षाच्या रकमेतून आधी राखणीची मजुरी वेगळी काढावी, ती तुमची, कारण उन्हात तुम्ही उभ्या राहता. उरलेल्याचे हिस्से सातबाऱ्याप्रमाणे. मुंबईत बसलेल्या दिराच्या खात्यात दर वर्षी काही जमा होऊ लागलं, की रान हा त्याच्यासाठी नुसता अडकलेला पैसा राहत नाही. सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्यांशिवाय करार करूच नका. सामाईक जमिनीत एकटीच्या सहीचा करार पहिल्याच भांडणात फाटतो.

आणि सगळं किंवा काहीच नाही, असं कशाला? पऱ्याच्या दोन्ही अंगाचं आणि बेहड्यांचं जुनं रान करारात घाला. घराजवळचा दोन-अडीच एकर तुकडा राबासाठी, जळणासाठी, अडीनडीला चार झाडं विकण्यासाठी बाहेर ठेवा. ज्याने घराची चूल अडते तो करार घरातलीच माणसं मोडतात.

आता कराराचा कागद. इथून पुढचं अशा प्रस्तावासमोर बसलेल्या सगळ्यांसाठीच आहे, कारण गेल्या दोन-तीन वर्षांत या विषयावर पत्रं वाढली आहेत.

संस्थेला पहिला प्रश्न विचारा की पैसे येतात कुठून. देणगीदाराने तीन वर्षांचे दिले आणि करार दहा वर्षांचा, असं असेल तर उरलेली सात वर्षं नुसत्या शब्दावर आहेत. वाईट हेतू असतो असं नाही, पण तसं आहे हे तुम्हाला कळलं पाहिजे. 'एखाद्या वर्षाचा हप्ता अमुक महिन्यांत आला नाही तर मालक बंधनातून मोकळा' हे वाक्य कागदावर हवंच. दुसरं, रक्कम दर वर्षी किती वाढणार? अमेरिकेत १९८५ पासून सरकार शेतकऱ्यांना धूप होणारी, नाजूक जमीन दहा-पंधरा वर्षं पडीक ठेवण्याचं भाडं देतं. २००७ साली साडेतीन कोटींहून जास्त एकर त्यात होती. पुढे धान्याचे भाव चढले, सरकारनेही एकूण मर्यादा खाली आणली, आणि दहा वर्षांत तिसरा हिस्सा जमीन बाहेर पडली. बाजार वर जातो आणि भाडं जागच्या जागी राहतं, तेव्हा चांगला माणूससुद्धा नांगर काढतो.

तिसरं, वणवा. बाहेरून आलेल्या आगीने रान जळालं तर तो तुमचा करारभंग नाही, हे स्पष्ट लिहून घ्या. उलट जाळरेषेच्या खर्चात संस्थेचा वाटा मागा. चौथं, हिरडा-बेहडा गोळा करणं, शिकेकाई, मध, पडलेलं लाकूड, गुरं चारणं यातलं काय चालेल ते एकेक नावाने लिहा. 'पारंपरिक वापर' असे गोलमाल शब्द नकोत. त्रिफळ्यासाठी बेहडा लागतोच, आणि सह्याद्रीच्या या पट्ट्यात फेअरवाइल्ड या मानकाप्रमाणे, झाडाला इजा न करता, काही फळं रानासाठी सोडून गोळा केलेल्या हिरडा-बेहड्याला बाहेर गिऱ्हाईक मिळालेलं आहे. तुमच्या बेहड्यांचं फळ आज कुजून जातं असं तुम्ही लिहिता. संस्थेला याबद्दल नक्की विचारा. राखणीच्या रकमेपेक्षा हे उत्पन्न मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण ते झाडाशी बांधलेलं आहे. झाड आहे तोवर फळ आहे.

आणि कार्बन. मसुद्यात कुठे 'कार्बनचे हक्क', 'पर्यावरण सेवांचे सर्व हक्क' असे शब्द दिसले तर थांबा. न तोडण्याचा मोबदला वेगळा आणि तुमच्या झाडांनी साठवलेला कार्बन दुसऱ्याला विकण्याचा हक्क वेगळा. तो हक्क त्याच रकमेत सहज निघून जातो आणि मालकाला वर्षानुवर्षं पत्ता नसतो. मसुदा मराठीत मागा. देत नसतील तर सही करू नका.

ज्यांच्या दारात अशी संस्था आलेलीच नाही, त्यांना मी आधी खालच्या वाडीकडे बघायला सांगेन. हिमाचलातल्या पालमपूर शहराला बोहल नावाच्या झऱ्याचं पाणी मिळतं, आणि झऱ्यावरचं रान वरच्या गावांच्या हातात आहे. २०१० साली तिथल्या नगर परिषदेने त्या गावांच्या समितीशी वीस वर्षांचा करार केला. रान राखायचं, बदल्यात दर वर्षी दहा हजार रुपये. रक्कम किरकोळ आहे, कुणाचं घर त्यावर चालणार नाही. पण पाणी पिणाऱ्याने राखणाऱ्याला देणं लागतो हे कागदावर कबूल केलं. तुमच्या वाडीची नळपाणी योजना तुमच्याच पऱ्यावर आहे ना, ताई? पैसे मागू नका. वाडीच्या बैठकीत एवढंच मांडा की दर घरातून एक माणूस, वर्षातून एक दिवस, जाळरेषेला. नकार देणं अवघड जाईल, आणि वणव्याच्या दुपारी तुम्ही एकट्या धावणार नाही. शेजारच्या उतारांचे मालकही सोबत आले तर उत्तम. नेदरलँड्समध्ये २०१६ पासून असा मोबदला एकट्या शेतकऱ्याला नाही, शेतकऱ्यांच्या गटालाच मिळतो, कारण पक्ष्यांना बांध कळत नाहीत. साडेसात एकरांपेक्षा सलग चाळीस एकरांशी बोलताना संस्थाही जरा सरळ बसते.

तर माझं उत्तर, घ्या. जुन्या रानापुरता, सगळ्यांच्या सह्यांनी, वर सांगितलेल्या अटी घालून करार करा. दहा वर्षं लांब वाटत असतील तर पाच मागा. पहिल्या वर्षाच्या पैशाचं काय करायचं ते सासूबाईंना ठरवू द्या. त्यांनी त्यातला नारळ राखणदाराला दिला आणि उरलेले जाळरेषेला लावले, तर वाद तिथेच मिटला असं समजा.

त्याआधी एक काम करा, पावसाच्या आत. एखाद्या सकाळी त्यांना हळूहळू रानात घेऊन जा, चालवेल तिथपर्यंत. पुढचं त्या बसल्या जागेवरून सांगतील. बांध कुठून कुठे, कोणत्या बेहड्याला ढोली आहे, कोणत्या ढोलीत पाखरं येतात, पऱ्याचं पाणी पूर्वी कुठवर टिकायचं, कोणत्या कोपऱ्याला काय म्हणतात. मुलाला किंवा पुतण्याला सोबत न्या आणि सगळं वहीत उतरवून घ्यायला सांगा. संस्थेचा माणूस मोजणीला येईल तेव्हा त्याच्या नकाशासोबत ही वही ठेवा आणि तिची प्रत कराराला जोडायला लावा. आज ती माहिती सातबाऱ्यावर नाही आणि दिरांकडेही नाही. एकट्या सासूबाईंपाशी आहे.